प्रवासाला माऊस कोणता न्यायचा: चार्जिंगचा की सेलचा?

नमस्कार मंडळी! गेल्या मे महिन्यात ठाण्याहून मडगावची वंदे भारत पकडली, खेडला उतरायचं होतं. लॅपटॉप उघडला आणि पनवेल सुटतंय तोच माऊस बंद. चार्जिंगचा माऊस, टाइप-सी पोर्टचा. माझ्याकडे चार्जर होता, केबल होती, सीटपाशी सॉकेट होतं. तरी चार्ज होईना!

त्याचं कारण हे. (केबल कॅमेऱ्याजवळ धरून) ही केबल दोन्ही टोकांना टाइप-सी आहे. अशा केबलवर चार्जर आधी चाचपतो, पलीकडे काही जोडलंय का. ते त्याला कळावं म्हणून माऊसच्या पोर्टमागे 5.1 किलोओहमचे दोन बारीकसे रेझिस्टर लागतात. काही स्वस्त माऊसमध्ये ते बसवलेलेच नसतात. मग चार्जर करंट सोडतच नाही. खोक्यात मिळालेली, एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावली की तोच माऊस लगेच चार्ज व्हायला लागतो. माझी ती केबल राहिली होती नौपाड्याच्या घरी. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री, जी केबल बॅगेत भरणार तिच्यावरच माऊस एकदा चार्ज करून बघा.

पॉवर बँकेचंही तसंच. माऊस इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. हेही घरीच तपासा.

म्हणून माऊस घेताना मी आधी एक गोष्ट बघतो: वाटेत बॅटरी संपली तर तो परत चालू कसा करायचा? लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर 3एसला कंपनी पूर्ण चार्जवर 70 दिवस सांगते, आणि एका मिनिटाच्या चार्जिंगवर तीन तास. हे तीन तास प्रवासात सोन्यासारखे. ॲपलच्या मॅजिक माऊसला 2024 मध्ये टाइप-सी आलं, पण पोर्ट अजून पोटाखालीच. चार्जिंगला लावला की वापरता येत नाही. प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही.

गणपतीत गावी जाताना मी सेलचा माऊस नेला. लॉजिटेकचा एम185 घेतलात तर कंपनी एका एए सेलवर 12 महिने सांगते. माझा सेल जुना होता, आरतीच्या आधी संपला. मामांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, मागचा सेल काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे, आधी काम उरक. घड्याळाचं उद्या बघू." (सेल दाखवत) हाच तो, एए. वाडीतल्या किराणा दुकानातसुद्धा मिळतो. गावी जाणाऱ्यांनी डोळे मिटून सेलचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त घेताना एए लागतो की बारीक एएए, ते बघून घ्या.

सेल अल्कलाइन घ्या, जास्त टिकतो. मात्र माऊस दोन-तीन महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर तो गळतो आणि पत्र्यांवर पांढरी पूड धरते. धरलीच, तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आणि हे खालचं बटण. (माऊस उलटा करून) बॅगेत टाकण्याआधी बंद करा. गाडीच्या हादऱ्यांनी माऊस सारखा जागा होतो आणि बॅटरी फुकट जाते. डोंगलसाठी, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायच्या माऊसच्या छोट्या रिसीव्हरसाठी, बऱ्याच माऊसना सेलच्या शेजारीच खाच असते. तो लॅपटॉपला तसाच ठेवू नका, बॅगेत वाकतो. काढून इथे, असा, टक् आवाज येईपर्यंत दाबा.