फिटचं औषध आणि मुलाचा राग

नमस्कार श्रोतेहो.

मी डॉक्टर नाही. लालबागच्या चाळीत राहणारी, दोन मुलांची आई आहे. आमच्या धाकट्याला सहाव्या वर्षी पहिली फिट आली. पहाटे पाणी आलं होतं, मी मोरीत पिंप भरत होते. आतून घशात काही अडकल्यासारखा आवाज आला म्हणून लाइट लावला, तर डोळे वर गेलेले, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस, उजवा हात झटके देतोय. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या, कुणी चप्पल हुंगवायला आणली. यातलं काही लागत नाही, हे मला नंतर कळलं. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळाकडे बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करायचा.

पण आज मला सांगायचंय ते फिट थांबल्यानंतरचं.

डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटाम नावाचं सिरप दिलं. सकाळी आठ, रात्री आठ. औषध लागू पडलं. सासूबाई सिद्धिविनायकाला जाऊन आल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने जेवणाचं ताट भिरकावलं. वरणभात, लिंबाची फोड, सगळं फरशीवर. कारण एवढंच, की भात मी कालवला होता आणि त्याला स्वतःला कालवायचा होता. वाटेत मुंगी दिसली तरी पाय उचलून जाणारं माझं पोर! मग ते रोजचंच झालं. ताईला चावायचं, रात्री जागायचं, मध्येच हमसून हमसून रडायचं. शाळेच्या डायरीत शेरा आला, "वर्तन सुधारावे." आम्ही रागावलो, बोललो, एकदा मी हात उचलला. त्या रात्री अंधारात तो म्हणाला, "आई, मी नाही गं करत, ते आपोआप होतं." मला तो बहाणा वाटला.

उलगडा झाला दुधाच्या हिशोबात. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात सासूबाई दुधाच्या पिशव्या मांडतात. त्याच चौकटींत त्या फिटच्या दिवशी लाल फुली करायच्या, आणि घरात मोठा तमाशा झाला की कोपऱ्यात बारीक अक्षरात "भांडण" लिहायच्या. महिनाअखेरीला बेरीज करताना मला दिसलं, की सिरप सुरू झाल्यावर लाल फुल्या संपल्या होत्या आणि भांडणं सुरू झाली होती. दोन एमएलचे चार एमएल झाले, त्या आठवड्यात तर सातपैकी पाच चौकटींत भांडण.

ती पानं फाडून मी डॉक्टरांकडे नेली. त्या म्हणाल्या, "आधी का नाही बोललात?" मी काय बोलणार? औषधाने पोराचा स्वभाव बदलू शकतो, हे पहिल्या दिवशी ओपीडीच्या त्या गर्दीत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि ही काही लपलेली गोष्ट नाही. औषधाच्या माहितीपत्रकातच ती छापलेली आहे. चार ते सोळा वर्षांच्या मुलांवरच्या चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ३८ मुलांच्या वागण्यात बदल दिसला. मोठ्या माणसांत हेच प्रमाण १३ आहे. म्हणजे लहानांना जास्त त्रास. पण अजून एक आकडा ऐका. त्याच चाचण्यांत ज्या मुलांना औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी दिलं होतं, त्यांच्यातही सुमारे १९ जणांचं वागणं बदललं होतं. म्हणून सगळा दोष बाटलीवर टाकता येत नाही. आजार मेंदूचाच असतो. अपुरी झोप, फिटची भीती, शाळेतलं चिडवणं, हेही त्यात येतं. म्हणूनच तारखा लागतात. औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, राग कधीपासून, हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांना धागा सापडतो.

दुसरीही औषधं आहेत. फेनोबार्बिटोन १९१२पासून वापरात आहे, स्वस्त आहे, पण काही मुलं त्याने शांत व्हायच्या ऐवजी सैरभैर होतात. टोपिरामेटने काहींना बोलताना शब्द आठवत नाहीत. घरचे म्हणतात, पोरगा आळशी झाला. तसंच वयात आलेलं मूल गप्प गप्प राहू लागलं किंवा "मला जगायचं नाही" म्हणालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फिटच्या औषधांबाबत हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच दिलाय. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर रात्रीही कुणीतरी बोलायला असतं.

एक मात्र हात जोडून सांगते. औषध मनाने बंद करू नका. आमच्याकडेही मामांचा सल्ला आला होता, "दे फेकून ते सिरप." तसं अचानक तोडलं तर फिट उलटून येते, कधी कधी थांबतच नाही, जिवावर बेतते. आणि हे औषध वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. कितीतरी मुलं त्यावर हसतखेळत आहेत. आमच्या मुलाला मानवलं नाही, इतकंच. डॉक्टरांनी जवळजवळ दोन महिने घेतले. जुनं थोडं थोडं उतरवलं, नवं थोडं थोडं चढवलं. त्या काळात एक फिट आली. कालनिर्णयावर लाल फुली पडली. मग भांडणं विरळ होत गेली.

एका रविवारी जेवताना मी त्याला म्हटलं, "तू म्हणाला होतास ना, आपोआप होतं. ते खरं होतं."

त्याने भात कालवता कालवता विचारलं, "मग मारलंस का?"

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "लिंबू दे."

नमस्कार.