लाइक केलं, म्हणजे गुन्हा केला?

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद आहे. पालघरची एक तरुणी फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न विचारते. तिची मैत्रीण ती पोस्ट लाइक करते.  अटक दोघींनाही होते. १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्या बाहेर येतात. पुढे खटला टिकत नाही, पण अटक तर झालेली असते.

त्यांच्यावर लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. ते ठरवायचं ठाण्यात, तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर.

कायद्याची विद्यार्थिनी असलेली श्रेया सिंघल याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम पूर्णपणे रद्द केलं. या निकालातला एक भेद प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि लोकांना चिथावणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही बोचऱ्या असोत, अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम १९ (१) (अ) त्यांच्या पाठीशी उभं राहतं. मर्यादा सुरू होते ती चिथावणीपाशी. बोलणं इंटरनेटवर झालं म्हणून संरक्षण कमी होत नाही.

आणि तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले! ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला: ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नका.

आता लाइकचं काय? अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं की, पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं किंवा पुढे पाठवणं नव्हे. शेअर केली, तर मात्र तुम्ही ती पसरवलीत. फॉरवर्डबाबत मद्रास उच्च न्यायालय २०२३ मध्ये आणखी कडक बोललं. पाठवलेला संदेश म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, पाठवणाऱ्याला परिणामांची जबाबदारी घ्यावीच लागेल. महिला पत्रकारांबद्दलच्या एका हीन मजकुराचं ते प्रकरण होतं. पोस्ट काढून माफी मागितली, तरी सुटका झाली नाही. मला हे रास्त वाटतं. बोलण्याचा हक्क हवा, तर बोलल्याची जबाबदारीही आलीच.

पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांचं प्रकरण पाहा. ऑगस्ट २०२२. व्हॉट्सॲप स्टेटसवर दोन मजकूर. एकात ५ ऑगस्ट, म्हणजे कलम ३७० हटवल्याचा दिवस, हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलेला. दुसऱ्यात १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ, समाजगटांत तेढ निर्माण करणं. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, ७ मार्च २०२४ रोजी. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणं हा सद्भाव आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. मोजपट्टी लावायची ती खंबीर, समंजस माणसाची. जरा काही वाचलं की बिथरणाऱ्याची नव्हे. पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असंही न्यायमूर्तींनी लिहिलं.

निकाल उत्तम. पण तो मिळेपर्यंत दीड वर्ष उलटलं होतं. हक्क शेवटी शाबूत राहिला, दरम्यानचे वकील, तारखा आणि डोक्यावरचा ‘आरोपी’ हा शिक्का यांची भरपाई कोण करणार?

म्हणूनच २८ मार्च २०२५ चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी सोशल मीडियावर टाकलेल्या चित्रफितीतल्या कवितेवरून जामनगरमध्ये गुन्हा दाखल झाला होता. तो रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना थेट सांगितलं: आरोप बोलण्या-लिहिण्याचा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करणं केव्हाही योग्य. नव्या फौजदारी कायद्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. हे १४ दिवस प्रत्येक पोलीस ठाण्यात खरोखर पाळले जायला हवेत.