उपचारांच्या काळातली खोली

नमस्कार, श्रोतेहो. घरातल्या माणसाच्या उपचारांसाठी परक्या शहरात जाऊन राहण्याची वेळ आली, की डॉक्टर कोण, खर्च किती, सोबत कोण थांबणार, यावर घरात चार-चार दिवस खल होतो. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र निघायच्या आदल्या रात्री मोबाईलवर पाच मिनिटांत उरकला जातो. माझ्या थोरल्या बहिणीच्या उपचारांच्या वेळी आम्हीही तेच केले होते. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले. हॉटेलची खोली निवडताना रुग्णाचा बरा दिवस डोळ्यांसमोर ठेवू नये. त्याची सर्वांत वाईट रात्र कशी जाईल, याचा विचार करावा.

ती रात्र केव्हा येऊ शकते, हे उपचारांच्या वेळापत्रकावरून बरेचसे कळते. केमोथेरपीचे चक्र पुष्कळदा २१ दिवसांचे असते. औषध दिल्यावर पहिले दोन-तीन दिवस रुग्णालयाजवळ राहायचे आणि मग लांबच्या स्वस्त हॉटेलात जायचे, असा हिशेब अनेक कुटुंबे करतात. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, आणि त्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे १००.४ फॅरनहाइटपर्यंत चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. रेडिएशनचे तसे नाही; ते सहसा आठवड्यातून पाच दिवस, सलग काही आठवडे चालते, आणि मशीनखाली रुग्ण काही मिनिटेच असला तरी जाण्या-येण्याचा शीण रोजचा असतो. दुसऱ्या व्यक्तीकडून मिळालेल्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण असेल, तर साधारण पहिले १०० दिवस रुग्णालयाच्या जवळपास राहण्यास सांगितले जाते. इतक्या मुक्कामाला हॉटेलपेक्षा स्वयंपाकाची सोय असलेली भाड्याची जागा बरी.

अंतराबद्दल थोडे सविस्तर बोलतो. बुकिंगच्या ॲपवर दिसणारे अंतर पुष्कळदा सरळ रेषेत मोजलेले असते, आणि त्या रेषेवर लोहमार्ग आहे की बंद रस्ता, हे त्यावरून कळत नाही. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये न धरता मिनिटांमध्ये धरावे, आणि तेही ज्या वेळी जायचे त्या वेळच्या रहदारीत. शिवाय रुग्णालय मोठे असेल, तर ‘समोरच आहे’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. रेडिएशनची यंत्रे जाड भिंतींआड, अनेकदा तळघरात बसवलेली असतात, तपासणीचा विभाग दुसऱ्या टोकाला असतो आणि रात्री बहुतेक फाटके बंद होऊन आपत्कालीन विभागाचे तेवढे उघडे राहते. आपल्याला कोणत्या दारातून आत जायचे आहे, ते आधी रुग्णालयात विचारावे आणि मग त्या दारापासून हॉटेल शोधावे. रुग्ण अतिदक्षता विभागात असून नातेवाईक एकटाच हॉटेलात राहणार असेल, तर इतर सोयींवर पाणी सोडले तरी चालेल, पण पायी पोहोचता येईल एवढे अंतर आणि खोलीत फोनला नीट रेंज, या दोन गोष्टी सोडू नयेत. संमतीच्या कागदावर सही करायला बोलावणे केव्हाही येऊ शकते.

आता खोलीकडे वळू. मी सर्वांत आधी स्नानगृह पाहतो. आत पायरी नसावी, टबची कड ओलांडावी लागू नये, धरायला भक्कम दांडा असावा. टॉवेल अडकवायची नळी माणसाचे वजन पेलत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे मिळाले तर उत्तम, कारण अशक्त माणूस आत कोसळला, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. व्हीलचेअर असेल, तर दाराची मोकळी रुंदी सुमारे ८० सेंटिमीटर आहे का, हे फोनवर विचारून, शक्य तर मोजायला लावून खात्री करावी. ‘सोय आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नये.

औषधांच्या फ्रिजबाबत आमची चांगलीच फसगत झाली. बहिणीची इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवायची होती. ती फ्रिजमध्ये ठेवून आम्ही दिवसभर रुग्णालयात बसलो. भिंतीवरच्या खाचेतून चावीचे कार्ड काढले, की खोलीतला सगळा वीजपुरवठा बंद होतो आणि त्यात फ्रिजही आला, हे संध्याकाळी कळले. नंतर असेही समजले, की खोल्यांमधले बरेचसे छोटे फ्रिज शीतपेये गार ठेवण्यापुरतेच असतात आणि औषधाला लागणारे नेमके तापमान त्यांत टिकत नाही. तेव्हा औषध हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या किंवा रुग्णालयातल्या फ्रिजमध्ये ठेवता येईल का, हे विचारावे. रुग्णाला ऑक्सिजनचे यंत्र लागत असेल, तर कार्डाची हीच भानगड जिवावर बेतू शकते, आणि वीज गेल्यावर खोलीतल्या सॉकेटला जनरेटरचा आधार आहे की फक्त दिव्यांना, हेही आधी पाहावे लागते.

वास हा विषय किरकोळ वाटतो, पण मळमळणाऱ्या माणसाला सुगंधी फवारा सहन होत नाही. तो मारू नका, असे सफाई करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. त्यांनाही आपल्याकडून काही कळायला हवे. केमोथेरपीनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या मलमूत्रात आणि उलटीत औषधाचे अंश असू शकतात, म्हणून त्या काळात खराब झालेली चादर वेगळ्या पिशवीत बांधून, कल्पना देऊनच द्यावी. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाने तर तेथून हॉटेलात जाऊच नये. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २०११ मध्ये याबाबत स्पष्ट शब्दांत नापसंती कळवली होती, कारण त्या खोलीची चादर बदलणाऱ्याला आणि शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना आपण कशाच्या जवळ आहोत, याचा पत्ताच नसतो.

या संदर्भात फिलाडेल्फिया शहराच्या दोन आठवणी मला एकत्र आठवतात. आजारी मुलांच्या पालकांना रुग्णालयाजवळ राहता यावे म्हणून पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस तिथे १९७४ साली उघडले. आणि १९७६ साली त्याच शहरातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्यांमध्ये न्यूमोनियाची साथ उद्भवली, जिच्यावरून लीजनेअर्स डिसीज हे नाव पडले. त्या रोगाचे जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि बारीक तुषारांवाटे श्वासात जातात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाने शॉवर घ्यावा की नाही, हे डॉक्टरांना विचारावे, आणि बरेच दिवस रिकामी असलेली खोली शक्यतो घेऊ नये. पालकांच्या त्या घरासारख्या सोयींची यादी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे बहुधा असते. हॉटेल शोधण्याआधी तिथे एक फेरी मारावी.

सोबत राहणाऱ्याचाही थोडा विचार व्हायला हवा. एका मोठ्या पलंगाऐवजी दोन स्वतंत्र पलंग मागावेत, कारण एकाची कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. आणि खोलीबाहेर बसायला एखादा कोपरा असावा. संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येतात, प्रत्येकाला रिपोर्ट काय आला ते सांगावे लागते, आणि ते सगळे रुग्णाच्या उशाशी बसून सांगण्यासारखे नसते.

पैसे भरताना मात्र स्वस्ताच्या मोहात पडू नये. पेशी वाढल्या नाहीत, ताप आला, शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली, असे सर्रास घडते, आणि परत न मिळणारे पैसे तेव्हा बुडतात. म्हणून आधी दोन-तीन रात्रींपुरती खोली घ्यावी आणि जागा पटली तर मुक्काम वाढवावा. निघण्याच्या दिवशीही घाई करू नये. हॉटेल बहुधा दुपारपर्यंत खोली सोडायला सांगते, तर घरी जायची परवानगी सकाळी मिळाली तरी बिल, औषधे आणि कागदपत्रे हाती पडेपर्यंत संध्याकाळ होते. ती एक रात्र खोली आपल्याकडेच राहू द्यावी, म्हणजे नुकत्याच सुटलेल्या माणसाला सामानाच्या पिशव्यांशेजारी हॉटेलच्या लॉबीत बसून राहावे लागत नाही.