फूल पाहावे, मग ब्राह्मी म्हणावे

श्रोतेहो, नमस्कार. ब्राह्मीचे तेल आपल्या घरोघरी परिचयाचे आहे. आज पाहायची आहे ती ओढ्याकाठी आणि भातखाचरांच्या बांधांशी चिखलाला बिलगून पसरणारी जिवंत ब्राह्मी.

सिंधुदुर्गातील आमच्या वाडीतली एक हकिकत मला फार प्रिय आहे. शेजारच्या काकूंचा आयुर्वेद शिकणारा पुतण्या पऱ्ह्याच्या काठावरून हिरवा जुडगा घेऊन आला. ती ब्राह्मीच, अशी त्याची खात्री होती आणि त्याच संध्याकाळी त्याला तिचा रस काढायचा होता. काकूंनी जुडगा काढून घेतला, “फूल येवंदे, मगे नाव सांगतंय,” एवढेच म्हणाल्या, आणि विहिरीजवळच्या डोणीच्या कडेला, जिथे ओल कधी सुकत नाही तिथे, सगळ्या कांड्या खोचून टाकल्या. पेरापेरांतून मुळे फुटली आणि यथावकाश फुलेही आली, पण ती निघाली दोन प्रकारची. काही कांड्यांवर लांब दांड्याच्या टोकाशी बोंडासारखा गुच्छ आणि त्याभोवती इवल्या फुलांचे कडे होते, ती जलपिंपळी. इतरांवर पानाच्या बगलेत एकेकटे, पाच पाकळ्यांचे, पांढरे पण किंचित जांभळट फूल होते, ती ब्राह्मी. दोघी एकाच चिखलात गुंतून वाढल्या होत्या आणि एकाच मुठीत उपटल्या गेल्या होत्या. मग काकूंनी पाने समोर धरली: जलपिंपळीच्या पानाला टोकाकडे दाते असतात, तर ब्राह्मीचे पान मांसल, बिनदेठाचे, समोरासमोर जोडीने येणारे आणि पाठीवर बारीक ठिपके असलेले असते.

पुन्हा सांगतो: फूल एकेकटे आणि पानाच्या बगलेत, पान मांसल आणि बिनदेठाचे. लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचे, कातरलेल्या कडेचे पान दिसले, तर ती मंडूकपर्णी. तिलाही पुष्कळ ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात, पण ती कोथिंबिरीच्या कुळातली आहे आणि ब्राह्मी इसबगोलाच्या.

ओढ्यांचे काठ सिमेंटने बांधून काढण्याची आजची घाई मला मुळीच मान्य नाही, कारण त्या ओल्या मातीबरोबर या साऱ्या वनस्पतींची जागाच नाहीशी होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्राह्मी पाण्यातले शिसे आणि कॅडमियम स्वतःत साठवते. म्हणून गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली ब्राह्मी, ओळख कितीही पक्की पटली तरी, खाण्यासाठी आणू नये.