तीन अक्षरांच्या पोटातली दोन

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत आपण भिंतीला भगदाड पाडतो, शिवण उसवतो, भाकरी मोडतो, यंत्र खोलून सुटं करतो. चार क्रिया, चार वेगळे शब्द, एकमेकांशी नातं नसलेले. हिब्रूत भगदाड पाडणं म्हणजे 'पारात्स', शिवण उसवणं 'पाराम', भाकरी मोडणं 'पारास' आणि सुटं करणं 'पाराक'.

हिब्रूत अर्थाचा भार व्यंजनांवर असतो आणि धातू बहुधा तीन व्यंजनांचा. या चौघांतली पहिली दोन व्यंजनं तीच आहेत, प आणि र. दोघांत मिळून 'तुटणं, विलग होणं' हा भाव. तिसरं व्यंजन येतं आणि काय तुटलं, कसं तुटलं, ते ठरवतं. 'पाराश' म्हणजे वेगळा झाला. मराठी बायबलमधले 'परूशी', म्हणजे त्या नावाच्या ज्यू पंथाचे लोक, याच धातूतले, वेगळे राहणारे. मला हे कुटुंब फार आवडतं. एकाच आईची मुलं चालण्यावरून ओळखू यावीत, तसं.

यावर हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये वाद झाला. हिब्रूचा कोशकार मेनाहेम बेन सारुक दोन अक्षरांचेच काय, एका अक्षराचेही धातू मानत असे. त्यानंतर व्याकरणकार यहूदा हय्यूजने दाखवलं की धातूत तीन अक्षरं असतात. एखादं दुबळं अक्षर रूपं चालवताना लपतं, एवढंच. व्याकरणात हय्यूज जिंकला, आणि ते योग्यच झालं. पण शब्दांची ही कुटुंबं त्यामुळे नाहीशी झाली नाहीत. सावध मात्र राहायला हवं. 'पारा' म्हणजे फळाला येणं; त्यातही प आणि र आहेत, म्हणून त्याला ओढूनताणून तुटण्याच्या घरात कोंबू नये.

जुन्या काळाबद्दल तर्कच करावा लागतो. आधुनिक हिब्रूत मात्र लांब धातू डोळ्यांदेखत घडतात. 'काताव' म्हणजे लिहिलं. सुरुवातीला 'श' जोडला की 'शिख्तेव', पुन्हा लिहून काढलं. 'केफेल' म्हणजे दुप्पट. त्यातून 'शिख्पेल', प्रत काढली. तीन व्यंजनांचा धातू असा चारांचा होतो आणि जुना अर्थ पोटात ठेवतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींचं गावातलं जुनं नाव 'शनवार तेली'. शनिवारी घाणा बंद असे, कारण तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आणि 'शावात' या धातूचा अर्थच थांबणं. त्यांच्यासाठी मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. सणाच्या प्रार्थनांच्या ग्रंथाला 'महझोर' म्हणतात. 'हाझार' म्हणजे परतला, त्यावरून 'महझोर', वर्षाचं फिरून येणारं चक्र. त्या नामातला 'म' पुढे धातूतच मुरला आणि नवं क्रियापद झालं, 'मिहझेर': टाकून दिलेल्या कागदापासून, काचेपासून पुन्हा नवी वस्तू केली.