नळीतला आंबा

(दृश्य : देवगडजवळची वाडी. पडवीत भाताचा पेंढा, त्यावर हापूसची अढी.)

मे महिना. सकाळी किनाऱ्यावर शूटिंग करताना वाळूत आम्हाला बोटभर लांबीची एक पिवळी नळी सापडली. कुणीतरी ओढून टाकलेली ई-सिगारेट. बाजूला आंब्याचं चित्र. बागायतदार काकांनी ती नाकाजवळ नेली, भुवई उडवली आणि म्हणाले, "ह्यो खंयचो आंबो?"

चेष्टेतच विचारलं, पण प्रश्न खरा आहे.

नळीतल्या द्रवाचा बहुतेक भाग दोनच पदार्थांचा : प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. ग्लायकॉल पातळ, जवळपास बेचव. सुगंधी द्रव्यं त्यात छान विरघळतात, म्हणून वास ठसठशीत येतो आणि घशाला किंचित झोंबतं. ग्लिसरीन काकवीसारखं दाट, जिभेला गोडसर. धुराचे मोठे ढग निघतात ते त्याच्यामुळे. पण ते जास्त झालं की चव दबते. आमरसात साखर जास्त पडली की आंबा कुठे जातो, ते कोकणात कुणाला सांगायला नको.

आत एक तार तापते, तिच्याभोवती द्रवात भिजलेली वात. ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. वात कोरडी पडली की ग्लिसरीन मोडतं आणि ॲक्रोलीन तयार होतं. नाव अनोळखी असेल, वास नाही. कढईत तेल करपल्यावर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या धुरात तेच असतं.

आता आंब्याकडे येऊ.

(दृश्य : काका पेंढा बाजूला सारतात. देठाजवळ पिवळसर झालेलं फळ.)

हापूसच्या वासाचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला आहे. कैरीच्या हिरव्या वासात टर्पीन जातीची द्रव्यं पुढे असतात. फळ अढीत पिकत जातं तशी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वाढतात : एकाचा वास सायीसारखा, पीचकडे झुकणारा; दुसऱ्याचा पाकाचा, थोडा स्ट्रॉबेरीचा. असे कितीतरी रेणू, आणि रोज त्यांचं प्रमाण बदलतं. काका म्हणतात, "आंबो पिकलो की पयला घराक कळता, मगे माका."

फ्लेवर बनवणारा यातले मोजके रेणू उचलतो. वर सुक्रालोज घालतो, कारण नाकाला आंबा कळला तरी जिभेला गोड लागलं पाहिजे. तेच सुक्रालोज तारेवर करपून काळा थर धरतं, आणि शेवटचे झुरके जळकट लागतात.

निकोटिन स्वतः कडवट आणि तिखट. ते मऊ लागावं म्हणून बेन्झॉइक आम्लाबरोबर त्याचं मीठ करतात. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेन्झोएट वाचलं असेल, त्याच घरातलं हे आम्ल. मग घसा तक्रार करत नाही, आणि आंब्याच्या आडून निकोटिन किती गेलं याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

"खायला चालतं, मग ओढायला काय हरकत?" हा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर पॉपकॉर्नच्या कारखान्यात मिळतं. लोण्याचा वास देणारं डायॲसिटिल पोटात गेलं तर फारसं बिघडत नाही. पण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आक्रसल्या. २००० साली हे उघडकीस आलं. पुढे हेच द्रव्य काही ई-द्रवांतही सापडलं.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. तरी ही नळी वाळूत होती.

(दृश्य : नळी पडवीच्या कठड्यावर. काका अढीशी उकिडवे बसलेले.)

आम्हाला तिचा अजून एक शॉट हवा होता. काकांनी मान न वळवता हात हलवला.

"ता भायर ठेय पयला. माका अढीचो वास घेवचो आसा."