इंजिन बदललंय, बाकी ओके

(दृश्य: सकाळी सात. हडपसरहून सासवडकडे जाणारा रस्ता, कडेला एक गॅरेज. अंगणात पांढरी पिकअप, बॉनेट बंद.)

विकणारा म्हणाला होता, अकरा वाजता या. गाडी घेणारे सातलाच आलेत, आणि मुद्दाम.

डिझेल इंजिन एकदा गरम झालं की बरंच काही पोटात घालतं. घासलेल्या रिंगा, थकलेले इंजेक्टर, ढिला पडलेला ग्लो प्लग, सगळं पहिल्या स्टार्टला उघडं पडतं. म्हणून गाडीभोवती फेरी मारायच्या आधी बॉनेट उघडायचं आणि मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ, हात नेऊन बघायचा. गार लागलं तर पुढचं बोलणं. कोमट लागलं तर मालकाने आधीच एक चक्कर मारून आणलीय, असं धरून चालायचं आणि दुपारी परत यायचं.

गाडी घेणारे पुरंदरचे अंजीर बागायतदार आहेत. माल पहाटे गुलटेकडीला मार्केटयार्डात पोचला पाहिजे; अंजीर दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. गाडी घाटात उभी राहिली, तर त्या दिवसाचा माल गेला. सोबत त्यांचे नेहमीचे मिस्त्री आलेत. आणि मालकाचं एक वाक्य दोघांनी फोनवरच ऐकून घेतलंय: "दादा, फक्त इंजिन बदललंय, बाकी सगळं ओके."

(दृश्य: बॉनेट उघडतं. इंजिन स्वच्छ धुतलेलं.)

इंजिन बदललेली गाडी वाईटच, असं पुण्यात कुणी म्हणणार नाही. या शहराला डिझेलची सवय जुनी. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन वर्षानुवर्षं टेम्पो ट्रॅक्समध्ये बसवलं. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था, १९६६ ची. त्यामुळे इंजिन उतरवून दुसरं चढवणारे हात इथे गल्लोगल्ली सापडतात. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचं काम तर गावागावांतल्या मिस्त्रींनी केलंय.

या पिकअपमधलं इंजिन पिकअपच्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं. पण एका प्रवासी गाडीतून काढलेलं. जुनं जाम झालं, नवं परवडेना, भंगारात गेलेल्या गाडीचं मिळालं. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण मिस्त्रींची नजर इंजिनावर फार रेंगाळत नाही. इंजिन चांगलं असेलही. गाडीने ते आपलं म्हणून घेतलंय का, हे त्यांना बघायचंय. जिथे जिथे हे इंजिन जुन्या गाडीला येऊन मिळतं, तिथे तिथे ते बॅटरी मारतात.

आधी माउंटिंग, म्हणजे इंजिन चेसिसवर बसतं ती जागा. फौंडेशनचे रबर नवे आहेत, ठीक. पण डावा ब्रॅकेट कंपनीचा नाही. पट्टी कापून वेल्डिंग केलंय. वेल्डिंग ब्रॅकेटवर असेल तर निदान बदलता येतं. चेसिसलाच तापवून जोडलं असेल, तर तिथे पुढेमागे भेग पडू शकते, आणि माल भरल्यावर ती वाढते. मिस्त्री बोटाने रंग खरवडतात. चेसिसला वेल्डिंग नाही, वाचली.

मग पंखा. प्रवासी गाडीच्या इंजिनाची लांबी थोडी वेगळी असली, की पंखा रेडिएटरच्या फार जवळ येतो किंवा फार लांब राहतो. जवळ आला की लोक पाती कापतात. लांब राहिला की त्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं काढून फेकतात. मग सपाटीवर तापमानाचा काटा मधे राहतो आणि घाटात वर चढतो. इथे कडं नाही. वरचा होस पाइपही दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा आहे, वळणावर दबलाय. मिस्त्री काही बोलत नाहीत. वहीत लिहितात.

(दृश्य: गाडीखाली. टॉर्चचा उजेड प्रोपेलर शाफ्टवर.)

खाली झोपल्याशिवाय गाडी बघितली असं म्हणू नये. मागच्या चाकांना फिरवणारा हा शाफ्ट कापून लहान-मोठा केला असेल, तर वेल्डिंगचं कडं दिसतं. तसं केल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावंच लागतं. न केलेला शाफ्ट एका ठरावीक वेगाला गाडी थरथरवतो आणि क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, खातो. हा शाफ्ट अखंड आहे. गिअरबॉक्सही जुनाच, बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचवरच्या कवचाला, थेट बसलेला, मधे जोडपट्टी नाही. इथे मात्र काम करणाऱ्याने डोकं वापरलंय.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण बघतच नाहीत. ब्रेक. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा स्वतःचा व्हॅक्यूम मिळत नाही. ब्रेक बूस्टरला तो वेगळ्या पंपाकडून मिळतो, आणि हा पंप बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बदलताना अल्टरनेटर बदलला, पाइप कुठून तरी फिरवला, क्लिप ढिली राहिली, की ब्रेक लागतात. पण पायाला जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीत ते कळत नाही. तपासायला हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारायचा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे.

आपण ही पहिली स्टार्ट त्याचसाठी राखून ठेवलीय. सेल फिरतो. तिसऱ्या फेरीला इंजिन पकडतं, थोडा पांढरा धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात विरतो. पेडल खाली जातं. छान.

थंडीत येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावर तो थांबायला हवा. थांबला नाही, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगकडे, बघा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

मिस्त्री ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं ठेवतात. ते जागच्या जागी थोडं थरथरतं. उडून पडलं असतं, किंवा तोंडातून धुराचे भपकारे आले असते, तर इंजिन बॅक कम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगा आणि बोअर गेलेत, असा त्याचा अर्थ.

डिपस्टिकचं एक सांगायला हवं. इंजिन एका गाडीचं, ऑइलचा संप, म्हणजे खालचं भांडं, दुसऱ्या गाडीचं आणि ऑइल मोजायची डिपस्टिक तिसऱ्याच गाडीची, असं सर्रास होतं. मग फुल दाखवणारी खूण खोटी असते. म्हणून मिस्त्री मालकाला विचारतात, किती लिटर ऑइल भरलं होतं? मालकाला ठाऊक नाही. वहीत आणखी एक ओळ.

आणि मीटरवरचे किलोमीटर? ते चेसिसने कापलेले. या इंजिनाने किती कापले ते त्या आकड्यात नाहीच, त्यामुळे त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

(दृश्य: वडकी. मागे हौद्यात सिमेंटची पोती. समोर दिवे घाट.)

रिकाम्या पिकअपची ट्रायल म्हणजे मालकाच्या सोयीची ट्रायल. बागायतदारांनी ओळखीच्या दुकानातून पन्नास किलोची वीस पोती उसनी घेतलीत. एक टन.

घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन हळू फिरत असताना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आवाज वाढला आणि गाडी वाढली नाही, तर क्लच प्लेट सरकतेय. इथे गाडी खेचते, झकास खेचते. मस्तानी तलाव खाली दिसू लागतो आणि मिस्त्रींचं लक्ष काट्यावर जातं. अर्ध्याच्या वर. वरच्या वळणावर त्याच्याही वर. कडं नसलेला पंखा आणि दबलेला पाइप आता बोलायला लागलेत. माथ्यावर गाडी थांबवून इंजिन लगेच बंद करत नाहीत. टर्बोला थोडं निवू देतात.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून यायचं आणि पायथ्याशी एकदम दाबायचं. मागे निळा लोट दिसला तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतंय. मागून मोटरसायकलवर येणारा बागायतदारांचा भाचा हात हलवतो: काही नाही.

(दृश्य: गॅरेज. मिस्त्री ब्लॉकवर कागद धरून पेन्सिल घासतात.)

शेवटचा सांधा कागदाचा, आणि गाडी इथेच अडते. इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट निघते. अक्षरं सरळ, ग्राइंडरचा ओरखडा नाही. पण आरसी बुकावरचा नंबर वेगळा. अर्थात तो जुन्या इंजिनाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. आरटीओची मंजुरी न घेता इंजिन बदललं, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर वाट सोपी. दुसऱ्याच जातीचं असेल, तर नोंद होईल या भरवशावर पैसे मोजू नयेत. विम्याच्या पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो, आणि अपघातानंतर सर्व्हेअर तो बघतो. फिटनेस प्रमाणपत्रासाठी तर गाडी दर खेपेला तपासणीला उभी राहणारच: आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

इंजिन कुठून आलं, त्याचं बिल हवं. मालक मोबाइलमध्ये एक फोटो दाखवतो. त्यावर नंबरच नाही. चोरीच्या गाड्यांची नोंद 'वाहन समन्वय' या सरकारी ऑनलाइन यादीत इंजिन आणि चेसिस नंबरने तपासता येते. बागायतदार तिथेच बसून तपासतात. काही निघत नाही.

मालक म्हणतो, "काका, नावावर करताना एजंट सगळं बघून घेईल. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या देतो आत्ता."

बागायतदार काका नकारार्थी मान हलवतात. नोंद आधी, आणि ती मालकाच्याच नावावर असताना. पंख्याचं कडं, होस पाइप आणि ब्रॅकेट यांचा खर्च किमतीतून वजा. संगम पुलाजवळच्या आरटीओतून नवा नंबर चढलेली आरसी आली, की इसार. त्याआधी एक रुपयाही नाही.

मालक आठवडा मागतो. पोती परत दुकानात जातात.